शंभरातले बावीस जातात कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकबंधूंचं पत्र आलं होतं. डोंगरावर पाणी चढवून वीज साठवायचे प्रकल्प, म्हणजे पंप्ड स्टोरेज, ही शुद्ध फसवणूक आहे, शंभर युनिट खाऊन पंच्याहत्तर देणारं यंत्र कोणी शहाणा माणूस घरात ठेवील का, असा त्यांचा सवाल होता. पत्र झणझणीत होतं. माझ्या दुकानात ते मोठ्याने वाचलं गेलं. ब्राह्मणपुरीकडचे एक आप्पा मोटार घ्यायला आले होते, ते ऐकून लगेच म्हणाले, "शंभर देवाना अन् पंच्याहत्तर लेवाना, हाऊ कोनता धंदा शे भो?" सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री जेवताना ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची तर लावा, फक्त आकडे कापू नका.

माझी ओळख एवढीच, की शहाद्यात 34 वर्षं मी शेतीच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेली कॉइल काढून नवी गुंडाळतो. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आहे, इंजिनिअर नाही. पण पाणी वर चढवताना वीज कुठे कुठे गळते हे ज्याच्या हाताला रोज चटके देऊन कळतं, अशा जातीचा माणूस आहे.

आधी एक गोष्ट सांगतो, म्हणजे विषय सोपा होईल. विहिरीवर मोटार चालू असताना लाईट गेली आणि फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे उतरू न देणारी पाईपाच्या तळाची झडप, खराब असला, तर पाईपात चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं आणि जाता जाता पंप उलटा फिरवतं. मोटार आणि पंप जोडणार्‍या कपलिंगवर खडूने खूण करून ठेवा, गरगर उलटी फिरताना दिसेल. लहानपणी आम्ही मुलं मुद्दाम हे बघायला थांबायचो. तुमच्या त्या पंप्ड स्टोरेजचं मूळ एवढंच आहे. दुपारी स्वस्त वीज असली की खालच्या तलावातलं पाणी वरच्या तलावात चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी त्याच यंत्रातून खाली सोडायचं. यंत्र उलटं फिरतं, मोटारीचा जनरेटर होतो. नाशिक-नगरच्या बाजूला घाटघरला 2008 पासून असे 125 मेगावॉटचे दोन संच आहेत. वरचा तलाव अकोले तालुक्यात, खालचा कड्याखाली शहापूर तालुक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये चारशे मीटरच्या आसपासचा उतार.

आता ते शंभर युनिट. पत्रलेखक बंधूंनी असं लिहिलं की जणू पंचवीस युनिट कोणीतरी खिशात घातले. तसं नाही, त्याची पावती फाडता येते. मी अंदाजी आकडे धरतो, चांगल्या मोठ्या यंत्रांना हे लागू पडतात. ट्रान्सफॉर्मर अर्धा युनिट खातो, गुणगुणतो ना तो, तेच. मोटार दोन युनिट तापण्यात घालवते. सगळ्यात मोठा घास पंपाचा, आठेक युनिट. इंपेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यांच्या चाकात, पाण्याचे भोवरे होतात, थोडं पाणी फटीतून मागे सरकतं, अंगाला घासतं. मग बोगद्याच्या आणि पाईपाच्या भिंतीला घासून दीड टक्का. म्हणजे शंभर युनिट खर्च केले की वरच्या तलावात साधारण 88 युनिटांइतकं पाणी पोचतं. उतरताना हाच प्रवास उलट. पाईप दीड टक्का, टर्बाइन (तोच पंप, पाण्याने उलटा फिरणारा) आठ, जनरेटर दोन, ट्रान्सफॉर्मर अर्धा. टक्के लावत गेलात की शेवटी हाती 78 उरतात. बावीस कुठे गेले हे असं ओळीने सांगता येतं. त्यात चोरी नाही, सगळी उष्णता झाली.

कोणी विचारेल, मग पाणी उकळत कसं नाही? मी हिशेब केला. पाणी 427 मीटर उंचीवरून पडलं आणि त्याची सगळीच्या सगळी ताकद उष्णतेत गेली, तरी ते फक्त एक अंश तापतं. इथे तर थोडासाच हिस्सा जातो. घाटघरच्या पाण्यात हात घातलात तर फरक कळायचा नाही.

या 78 ला खाली ओढणार्‍याही गोष्टी आहेत, आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकात त्या बारीक अक्षरात असतात. पंप आणि टर्बाइन एकच यंत्र असल्याने त्याच्या पात्यांचा आकार ही तडजोड असते. पंपाला जी वळणं सोयीची, ती टर्बाइनला तंतोतंत सोयीची नसतात. शिवाय ठरावीक वेगाचा पंप म्हणजे आमच्या विहिरीवरच्या पंपासारखाच, चालला तर पूर्ण चालणार, निम्मा चालवता येत नाही. टर्बाइन निम्म्या लोडवर चालवता येतं, पण त्याची कार्यक्षमता घसरते. म्हणून नव्या ठिकाणी वेग बदलता येणारी यंत्रं बसवतात. आपल्या देशात टिहरीच्या 1000 मेगावॉटच्या प्रकल्पात ती आहेत. आणखी एक मजा, जी मला स्वतःला फार आवडली. एवढी अजस्र यंत्रं पंप म्हणून सुरू करताना आधी दाबाच्या हवेने इंपेलरभोवतीचं पाणी खाली ढकलतात, यंत्र हवेत फिरवून पूर्ण वेगाला आणतात आणि मगच पाणी आत घेतात. लोडखाली सुरू केली तर स्टार्टिंगचा झटका ग्रीडला सोसणार नाही. आमच्याकडे पाच एचपीच्या मोटारीला स्टार-डेल्टा, म्हणजे सुरू होतानाचा झटका कमी करणारा स्टार्टर, लावा म्हटलं तर गिर्‍हाईक हजार रुपये वाचवायला जातं आणि चार महिन्यांनी जळालेली कॉइल घेऊन येतं. ते असो. हवेचे कॉम्प्रेसर, कूलिंग, दिवे मिळून आणखी एखादा टक्का जातो.

आणि मग येते ती गोष्ट, जी पत्रलेखक बंधूंच्या लक्षात आली नाही, पण त्यांच्या बाजूची आहे. 78 हा आकडा यंत्राच्या दारातला आहे. वीज तिथपर्यंत जाते आणि परत येते ती उच्च दाबाच्या तारांवरून. राज्याच्या पारेषणात साधारण तीन टक्के वीज तारांतच जाते. जाताना तीन, येताना तीन. माझ्या हिशेबाने, 78 मधून कॉम्प्रेसर-दिव्यांचा तो एक टक्का गेल्यावर प्रकल्पाच्या गेटवर उरलेले 77 शहराच्या सबस्टेशनवर पोचताना 72-73 च्या घरात येतात. म्हणून कोणी 'आमची कार्यक्षमता ऐंशी टक्के' म्हणालं, की पहिला प्रश्न हाच विचारायचा, मीटर कुठे लावलंय?

आप्पांना मी नंदुरबारच्या मिरचीचं उदाहरण दिलं. ओली लाल मिरची व्यापारी पथारीवर टाकतो, सुकताना तिचं वजन धडाधडा घटतं, तरी तो टाकतोच. कारण ओल्या मिरचीचा भाव वेगळा, सुकल्यावर वेगळ्या दिवशी वेगळ्या बाजारातला भाव वेगळा. घट ठाऊक असते, ती भावात धरलेली असते. आप्पा पक्के. म्हणाले, मिरचीतून जातं ते पाणी, इथे तर माल जातोय. बरोबर आहे. उदाहरण लंगडं पडलं. पण भावाचं गणित तेच. समजा दुपारी वीज तीन रुपयांनी पडली आणि 78 टक्के परत आली, तर संध्याकाळी ती 3 रुपये 85 पैशांच्या वर विकली तरच वीज विकत घेण्याचे पैसे सुटतात. धरणाचं कर्ज, माणसांचे पगार त्याच्या वर. दुपार आणि संध्याकाळच्या भावात एवढी दरी असेल तर हा धंदा चालतो, नाही तर नाही. आणि ही दरी आता का पडते ते आमच्या जिल्ह्यांत राहून कळत नसेल तर आश्चर्य. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान आहे. सूर्य दुपारी एकला देतो आणि संध्याकाळी सातला, जेव्हा घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे, पिठाच्या गिरण्या एकदम सुरू होतात, तेव्हा देत नाही. पवनचक्क्या तर आषाढात जोमात आणि चैत्रात सुस्त.

वेल्समध्ये डिनॉर्विग नावाचं असंच केंद्र आहे, 1984 पासूनचं. चारातले तीन परत देतं, म्हणजे आप्पांच्या भाषेत तोट्यातलंच. तरी ते ठेवलंय, कारण टीव्हीवरचा लोकप्रिय कार्यक्रम संपला की लाखो घरांत एकदम चहाच्या किटल्या लागायच्या, आणि हे केंद्र काही सेकंदांत पूर्ण जोर देतं. कोळशाच्या बॉयलरला ते जमत नाही, त्याला तापायला तास लागतात. त्या सेकंदांची किंमत युनिटात मोजता येत नाही. बॅटर्‍या हे काम आता करतात, आणि शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद परतही देतात, हे मान्य. पण बॅटरी दहा-पंधरा वर्षांत म्हातारी होते, धरण नातवाच्या कामाला येतं.

आता माझा मुद्दा. बावीस टक्के जातात यावर ओरडण्यात अर्थ नाही. ओरडायचं तर दोन गोष्टींवर ओरडा.

पहिली, वर चढवायची वीज कुठली? फुकट जाणारी सौर वीज असेल, जी घ्यायला कोणी नाही म्हणून पॅनेल बंद ठेवायची वेळ येते, तर शून्यातून 78 मिळाले. पण रात्री कोळशाची वीज घालून पाणी चढवलं, तर कोळशातल्या शंभर भागांतले जेमतेम पस्तीस आधीच वीज होतात, त्यातले 78 टक्के म्हणजे सत्तावीस. त्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे धूर सव्वापटीहून जास्त. भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला राहणार्‍या लोकांना राख काय असते हे सांगायला नको. तेव्हा 'हरित' हा शब्द यंत्राला लागत नाही, ते कोणत्या वेळी कोणती वीज पितं त्याला लागतो.

दुसरी गोष्ट पाणी, आणि इथे खानदेशाने कान टवकारायला हवेत. राज्य सरकारने अलीकडे अशा बर्‍याच प्रकल्पांचे करार केलेत, बहुतेक सह्याद्रीच्या कड्यांवरचे. उद्या आमच्या डोंगरांचं नाव यादीत आलं तर? अभियंते सांगतात, पाणी तेच ते वरखाली होतं, खर्च होत नाही. अर्धं खरं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो. अशा उन्हात तलावाच्या पृष्ठभागावरून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडून जाणं अशक्य नाही. शंभर हेक्टरचा तलाव धरला तर एका दिवसात एक कोटी लिटर. विजेच्या हिशेबात हे काहीच नाही. त्याच तलावातलं दहा मीटर पाणी रोज वरखाली होत असेल तर हजारात एक. कंपनीच्या वहीत तो आकडा दिसणारही नाही. पण जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरने भागा, तेवढं पाणी एक लाख ऐंशी हजार माणसांचं एका दिवसाचं आहे. आणि तलाव दोन असतात. विजेच्या मीटरवर जे नगण्य, ते धडगावच्या पाड्यावर हंडा घेऊन झर्‍यावर जाणार्‍या बाईच्या हिशेबात नगण्य नाही.

पाण्याबद्दल बोलतोच आहे तर नर्मदेची गोष्ट सोडून चालणार नाही. माझ्या गिर्‍हाइकांत तळोदा-शहाद्याच्या पुनर्वसन वसाहतींतली माणसं आहेत. महाराष्ट्रातली 33 गावं सरदार सरोवराने बाधित झाली, सगळी आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, मणिबेली त्यांतलं पहिलं. त्या धरणाच्या नदीपात्रातल्या वीजघरात 200 मेगावॉटचे सहा संच आहेत आणि ते उलटसुलट चालणारे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणजे तेही कागदावर पंप्ड स्टोरेजच. पण उलटं उपसायला खाली पाणी साठलेलं हवं, आणि तो साठा गरुडेश्वरच्या बंधार्‍याने व्हायचा होता. संच 2006 पर्यंत बसले, बंधारा त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तोवर ती यंत्रं फक्त खाली पाणी सोडत राहिली. कार्यक्षमता 78 की 75 यावर वाद घालणार्‍यांनी हेही बघावं, की खालचं तळंच नसलं की उलट्या उपशाची कार्यक्षमता शून्य असते. तिथल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के आहे. वसाहतीतला एक भिल्ल म्हातारा, मोटार न्यायला आलेला, मला म्हणाला की आमच्या घरांवरचं पाणी आता मोटारीनं परत वर चढवणार का? मी हो म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग मोटारीचे पैसे मोजायला लागला.

थोडं आमच्या विहिरींकडे येतो, कारण खरी गळती तिथे आहे आणि त्यावर कोणी पत्र लिहीत नाही. एक घनमीटर पाणी 367 मीटर वर न्यायला, काहीच वाया गेलं नाही तर, एक युनिट लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. गेल्या उन्हाळ्यात मी माझ्याच भावाच्या विहिरीवर मोजलं. पाण्याची पातळी ते शेतातली कुंडी, उंची 24 मीटर. दोनशे लिटरचा ड्रम भरायला 40 सेकंद, म्हणजे सेकंदाला पाच लिटर. टाँग टेस्टरवर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरवर, साडेसहा अँपिअर, हिशेबाने 3.6 किलोवॉट. पाण्यात प्रत्यक्ष गेले 1.18. म्हणजे शंभरातले तेहतीस. एकाच फेरीत! घाटघरसारखं यंत्र चढवताना 88 टक्के पोचवतं, आणि माझा भाऊ तेहतीस. त्या हिशेबाने भाऊ मोठा दरोडेखोर.

त्यातली बरीच वीज पाईपात जात होती. शंभर मीटर लांब दोन इंची पाईप, त्यात चार एल्बो म्हणजे काटकोनी वळणं, फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ. पाईपाचा व्यास निम्मा केला की तेवढंच पाणी नेताना घर्षण बत्तीस पट होतं, म्हणूनच मोठ्या प्रकल्पांत माणूस उभा राहील असे बोगदे खोदतात. आम्ही पाईप तीन इंची केला, जाळी साफ केली, दोन एल्बो काढून लांब बेंड टाकले. ड्रम 29 सेकंदांत भरला, वीज 3.7 किलोवॉट. तेहतीसचे चव्वेचाळीस झाले. बाकीचं पंप आणि मोटारीत. पंप जुना, आणि मोटार दोनदा रिवाइंड झालेली. इथे माझ्याच धंद्यातलं एक पाप सांगून टाकतो. जळालेली जुनी कॉइल पटकन निघावी म्हणून काही ठिकाणी स्टेटरवर, म्हणजे कॉइल बसवलेल्या पत्र्यांच्या स्थिर भागावर, रॉकेल ओतून पेटवून देतात. कॉइल निघते, पण पत्र्यांमधलं इन्सुलेशनही जळतं आणि त्या पत्र्यांचा गठ्ठा, म्हणजे कोअर, कायमची गरम राहायला लागते. मोटार चालते, शेतकर्‍याला काही कळत नाही, मीटरला कळतं. मीही शिकाऊ असताना हे केलंय. आता तोडून काढतो, वेळ लागतो, पोरं कंटाळतात.

ही गोष्ट इथे का? कारण जी वीज साठवायलाच लागत नाही तिच्यातून बावीस टक्के जातही नाहीत. शेतीचे पंप दुपारच्या सौर विजेवर चालले तर डोंगरावर पाणी चढवायची तेवढी गरज कमी. आमच्या भागात पाळीने रात्रीची लाईट मिळते तेव्हा माणूस बिबट्याच्या भीतीने काठी घेऊन केळीच्या बागेत उभा असतो. तीच वीज दुपारी मिळाली, तर पाणी शेततळ्यात साठवता येतं, बॅटरीही नको आणि कडाही नको. शेततळं वीज परत देत नाही एवढंच.

तेव्हा मागणी साधी आहे. असा प्रत्येक प्रकल्प सार्वजनिक तारांवरची वीज घेतो आणि देतो. त्याने दर महिन्याला तीन आकडे लोकांपुढे ठेवावेत. किती युनिट घेतले आणि दिवसाच्या कोणत्या तासांत. किती युनिट दिले, आणि मीटर कुठचं. नदीतून भर घालायला किती पाणी उचललं. जनसुनावणीत आमची माणसं हात वर करतील तेव्हा 'प्रकल्प नको' किंवा 'रोजगार द्या' एवढ्यावर थांबू नये, हे तीन आकडे करारात लिहून मागावेत. आमच्या तापीकाठच्या सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षं बंद का पडल्या, याची कारणं पुष्कळ सांगतात, पण किती वीज घालून किती पाणी शेतात पोचलं याची वही मी तरी एकाही गावात पाहिली नाही.

पत्रलेखक बंधूंवर माझा राग नाही. त्यांच्यामुळे दुकानात चार दिवस चांगली चर्चा झाली. त्यांची विहीर असेल आणि शहाद्यापासून फार लांब नसेल, तर एखाद्या रविवारी टाँग टेस्टर घेऊन मी येतो. ड्रम आणि घड्याळ त्यांनी तयार ठेवावं. मोटार आधी कुणाकडे रिवाइंड केली ते मात्र विचारणार नाही.

आपला,
एक मोटार रिवाइंडर
शहादा, जि. नंदुरबार